पाळणाघरातली आजारपणं: दारात ओळखायची, घरात थोपवायची

पॅरासिटामॉलचा एक डोस चार ते सहा तास काम करतो. सकाळी सव्वासहाला घरी पाजलेला डोस साडेदहा-अकराला उतरतो. डोंबिवलीत पाळणाघर चालवताना माझ्या वहीत 'ताप चढला' या नोंदीपुढे बहुतेक वेळा हीच वेळ पडते. तोवर ते मूल तीन-चार तास सगळ्यांत खेळलेलं असतं, एकाच लाकडी गाडीची चाकं चौघांनी चघळलेली असतात आणि त्याची आई दादरला उतरून ऑफिसात पोचलेली असते.

हे पालक बेफिकीर नसतात. रजा संपलेल्या असतात, नोकरी नवी असते, गावाहून आजी यायला अजून दोन दिवस असतात. 'ताप होता' असं सांगितलं की मूल दारातूनच परत पाठवतील ही त्यांना धास्ती असते, म्हणून ते सांगत नाहीत. साथ पसरण्यात या धास्तीचा वाटा फार मोठा आहे, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत आहे. म्हणून माझ्याकडचा पहिला नियम पालकांसाठी नाही, आमच्यासाठी आहे: खरं सांगणाऱ्या आईबापांवर आवाज चढवायचा नाही. मूल घेता येत नसेल तर 'घेता येणार नाही' एवढंच सांगायचं, आणि दुसरी सोय काय होऊ शकते ते त्यांच्याबरोबर दोन मिनिटं बसून बघायचं.

घरगुती पाळणाघर, बालवाडी, अंगणवाडी यांपैकी काहीही चालवत असाल तर पुढचं सगळं तुम्हाला वापरता येईल. रोगाचं निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. आपण वेळेवर ओळखायचं, वेगळं ठेवायचं, कळवायचं आणि नीट धुवायचं.

तयारी प्रवेशाच्या दिवशी

साथ आल्यावर धावाधाव करून काही मिळत नाही. प्रवेशाच्या फॉर्मबरोबर मी या गोष्टी घेते: लसीकरण कार्डाची प्रत, मुलाचं वजन (दर तीन महिन्यांनी नवं), ॲलर्जी, पूर्वी तापात आकडी आली होती का, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, आणि आईबापांखेरीज अशा एका माणसाचं नाव जे अर्ध्या तासात येऊ शकेल. या शेवटच्या नावावर मी अडून बसते. मुंबईत नोकरीला असलेल्या आईला निरोप मिळाल्यापासून पोचायला दोन तास सहज लागतात. शेजारच्या काकू, मामा, घरमालकीण, कुणीही चालेल, पण त्या माणसाला आपलं नाव दिलंय हे माहीत असायला हवं.

लसीकरण कार्ड नुसतं फाइलला लावू नका, वाचा. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे: पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा डोस चुकलेली मुलं मला दरवर्षी सापडतात, कारण पहिल्या वाढदिवसानंतर दवाखान्यात जाणंच कमी होतं. रोटाव्हायरसची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे देतात. मात्र कांजिण्या, गालगुंड, कावीळ 'अ' आणि फ्लू यांच्या लसी सरकारी यादीत नाहीत. बालरोगतज्ज्ञांची संघटना त्या सुचवते, पण खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्याव्या लागतात. म्हणून 'सगळ्या लसी झाल्यात' असं कुणी म्हटलं की मी विचारते, सरकारी की खासगी? दोन्ही प्रकारचे पालक आपापल्या परीने खरंच सांगत असतात. पण पाळणाघरात कांजिण्या शिरल्या तर कुणाला लसीचं कवच नाही, हे त्या उत्तरावर ठरतं. माझ्याकडे एका पानावर सगळ्या मुलांची नावं आणि समोर गोवरचे दोन डोस, कांजिण्या, गालगुंड एवढेच रकाने आहेत. साथीच्या दिवशी हेच पान पहिल्यांदा उघडतं.

दारातली दोन मिनिटं

मूल हातात घेताना चपला काढायच्या आत बघून घ्यायचं. चेहरा कसा दिसतो, डोळे लाल किंवा चिकट आहेत का, नाकातून काय येतंय. मग मानेमागे, शर्टाच्या कॉलरखाली हात. कपाळ वाऱ्याने गार असतं, मान खोटं बोलत नाही. शंका आली तर काखेत थर्मामीटर. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर ताप समजायचा. नंतर तळहात उलटून बघायचे. पावसाळ्यात ही सवय फार उपयोगी पडते, का ते पुढे सांगते.

मग तीन प्रश्न, रोज, सगळ्यांना, त्याच शब्दांत: रात्री झोप कशी झाली? शी कशी झाली? सकाळी कुठलं औषध दिलंय? तिसऱ्या प्रश्नाची शब्दरचना मुद्दाम तशी आहे. 'औषध दिलंय का' विचारलं की 'नाही' म्हणणं सोपं असतं. 'कुठलं दिलंय' विचारलं की बरेच जण थांबतात आणि सांगून टाकतात.

उत्तर वहीत एका ओळीत लिहा. दोन दिवसांत तीन मुलांच्या नावापुढे 'शी पातळ' दिसलं की साथ सुरू झालीय हे वही तुमच्याआधी सांगते.

काय दिसतंय आणि ते काय असू शकतं

पाळणाघरात सगळ्यांत जास्त दिसते ती साधी सर्दी. वाहतं नाक, थोडा खोकला, मूल खेळतंय, खातंय, ताप नाही. अशा मुलाला घरी पाठवण्यात अर्थ नाही. सर्दीचे विषाणू लक्षणं दिसायच्या आधीपासून पसरतात, आणि प्रत्येक वाहत्या नाकाला दार बंद केलं तर जून ते ऑक्टोबर पाळणाघर रिकामं राहील. नाक पुसायला प्रत्येकाचा वेगळा रुमाल ठेवा, पुसल्यावर स्वतःचे हात धुवा, तेवढं पुरे. खोकल्याचं औषध मात्र आपल्या मनाने कधीच देऊ नका. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं विषारी खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली, त्यांतली कित्येक आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत होती. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरूच नयेत. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध आणि कोमट पाणी चालतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको.

आता तळहात. हात-पाय-तोंडाचा आजार पावसाळ्यात पाळणाघरांत हमखास येतो. एक-दोन दिवस ताप, मग मूल जेवायला बसलं की रडतं, लाळ गळत राहते. तोंडात बघितलं तर टाळ्यावर, जिभेच्या कडेला लालसर फोड. मग तळहात, तळपाय, गुडघे आणि ढुंगणावर बारीक फुटकुळ्या. डायपर बदलताना बऱ्याचदा त्या पहिल्यांदा दिसतात. २०२२ मध्ये केरळातल्या ज्या 'टोमॅटो फ्लू'ची बातम्यांतून भीती पसरली, तोसुद्धा याच आजाराचा प्रकार होता. बहुतेक मुलं आठवड्यात बरी होतात. पुढे महिना-दीड महिन्याने नख सुटून येऊ शकतं. आई घाबरून फोन करते, म्हणून तिला आधीच सांगून ठेवावं की नवं नख येतं.

यात मुलाला खरा त्रास होतो तो तोंडाचा. दुखतं म्हणून पाणीही पीत नाही आणि अंगातलं पाणी कमी होतं. गार ताक, दहीभात, गार पेज, नारळपाणी चमच्याने द्या. तिखट, आंबट, गरम काही नको. संत्र्याचा रस प्रेमाने दिला जातो आणि मूल किंचाळतं.

हा आजार थोपवणं अवघड का, तर विषाणू लाळेत आणि फोडांच्या पाण्यात असतो तसाच शीमध्येही असतो, आणि शीतून तो बरं झाल्यावरही कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. फोड सुकले म्हणजे धोका टळला असं नाही, तेव्हा डायपरनंतरचं हात धुणं महिनाभर तरी काटेकोर हवं. आणि इथे सॅनिटायझर कमी पडतो. अल्कोहोल ज्या विषाणूंवर चांगलं चालतं त्यांत हा नाही. साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद चोळणं, याला पर्याय नाही.

जुलाब आणि उलट्या. चोवीस तासांत तीन किंवा जास्त पाण्यासारख्या शी झाल्या तर जुलाब धरायचे. पालकांना बोलवायचं आणि ते येईपर्यंत वाट न बघता ओआरएस सुरू करायचं, म्हणून प्रवेशाच्या वेळीच त्याची लेखी परवानगी घेऊन ठेवा. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजे अर्ध्या तांब्यात घालणं धोक्याचं, मीठ जास्त झालं तर मूल आणखी बिघडतं. लहान मुलांसाठी २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं मिळतात, पाळणाघराला तीच सोयीची. दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, त्यावरच्यांना अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. एकदा कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकायचं. दुकानात ओआरएससारख्या दिसणाऱ्या फळांच्या गोड पेयांचे खोकेही असतात. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी केली, तरी घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचाच. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

ओआरएसबरोबर झिंक चौदा दिवस द्यायचं असतं: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, वर २०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरी झिंकही बंद करतात, तसं करू नये. आरोग्य केंद्रातून आशाताई दोन्ही फुकट देतात, पालकांना तिकडे पाठवा. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध तोडायचं नाही, आणि 'पोटाला विश्रांती' म्हणून जेवणही बंद करायचं नाही.

गोवर. याला मी इतर पुरळांच्या रांगेत बसवत नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत जी साथ उठली आणि भिवंडी, मालेगावपर्यंत दिसली, त्यात लहान मुलं गेली. गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो, आणि लस न झालेल्या दहा जणांच्या जवळ रुग्ण आला तर नऊ जणांना लागण होते. ओळख अशी: तीन-चार दिवस चढा ताप, कोरडा खोकला, वाहतं नाक, लाल पाणावलेले डोळे, मूल फार मलूल. मग कानांमागून, केसांच्या कडेने पुरळ सुरू होऊन चेहरा, छाती, पाय असं खाली उतरतं. हे फोड नसतात, लाल चट्टे असतात.

ताप आणि सोबत असं पुरळ दिसलं की त्याच दिवशी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या दवाखान्याला कळवा. ते येऊन नमुना घेतात, आसपास लसीकरण करतात. 'बदनामी होईल' म्हणून गप्प बसणं इथे कुणाच्या तरी बाळाच्या जिवावर बेततं. नऊ महिन्यांखालच्या बाळांना अजून लसच मिळालेली नसते, आणि पाळणाघरात ती असतात. लागण होऊ शकणाऱ्या मुलाला संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो, म्हणून तासांना किंमत आहे. पुरळ आल्यापासून चार दिवस मूल घरी. डॉक्टर त्याला जीवनसत्त्व 'अ'चे डोस सलग दोन दिवस देतात, ते घेतलेत का हे पालकांना विचारा. गोवर 'निघाला' की अंगाला पाणी लावू नये, मुलाला अंधारात कोंडून ठेवावं असं अजून काही घरांत मानतात. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण पाणी, जेवण आणि दवाखाना थांबवला तर बिघडतं.

कांजिण्या त्यामानाने ओळखायला सोप्या: पाण्याने भरलेले फोड, आधी छाती-पोटावर, आणि एकाच वेळी नवे लाल ठिपके, फोड आणि खपल्या असं सगळं अंगावर. पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते. संपर्कानंतर दहा ते एकवीस दिवसांनी दुसरी लाट येते, कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवा. नखं कापा. तापाला ॲस्पिरिन अजिबात नाही, आयब्युप्रोफेनही टाळायचं. ज्या आईला किंवा मदतनीस ताईला दिवस गेलेत आणि जिला कांजिण्या होऊन गेलेल्या नाहीत, तिला त्याच दिवशी सांगा, तिने तिच्या डॉक्टरांना विचारायला हवं. चिठ्ठीत हे वाक्य विसरू नका. कुणाला दिवस गेलेत हे आपल्याला माहीत असतंच असं नाही.

बाकीचे भराभर सांगते. डोळे येणं: २०२३ च्या जुलैत आळंदीत सुरुवात होऊन राज्यभर जी साथ गेली ती विषाणूची होती, तिच्यावर अँटिबायोटिकचे थेंब चालत नाहीत. रोगी बघितल्याने डोळे येत नाहीत, हात, टॉवेल आणि उशी यांतून येतात. चिकटा थांबेपर्यंत मी मूल घरी ठेवायला सांगते, कारण दोन-तीन वर्षांचं पोर डोळे चोळल्याशिवाय राहत नाही. गालगुंड: कानाखाली जबड्याजवळ सूज, चावताना दुखतं, सूज आल्यापासून पाच दिवस घरी. खरूज: बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर बारीक पुरळ आणि रात्री खाज. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावलं नाही तर ती आठवड्यात परत येते. पाळणाघरातलं अंथरूण गरम पाण्याने धुवायचं, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला ठेवायचं. नाकाजवळ मधाच्या रंगाच्या खपल्या दिसल्या तर डॉक्टरांचं मलम किंवा औषध सुरू होऊन चोवीस तास झाल्यावर मूल येऊ शकतं. उवांसाठी मूल घरी पाठवू नका. आईला बाजूला घेऊन सांगा, इतर मुलांसमोर नाही. कावीळ 'अ' लहान मुलांत पिवळेपणा न दाखवताच पसरते. एखाद्याचे डोळे पिवळे दिसले तर इतर काही जण आधीच आजारी असतील असं धरून पिण्याचं पाणी उकळायला लागा.

आणि डेंग्यू मुलाकडून मुलाला लागत नाही. 'डेंग्यूचं मूल घेऊ नका' असं पालक सांगतात, तेव्हा त्यांना घेऊन पाळणाघराच्या कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलर बघायला जा. तो डास दिवसा चावतो, मुलं दुपारी झोपतात तेव्हा.

ताप चढल्यावरचे दोन तास

पालक पोचेपर्यंत मूल आपलंच असतं. त्यासाठी एक कोपरा कायमचा ठरवून ठेवा: खिडकीजवळ, इतरांपासून निदान दोन हात लांब, पण जिथून ते आपल्याला आणि आपण त्याला दिसतो असा. वेगळ्या खोलीत दार लोटून ठेवू नका. तापलेलं मूल एकटं ठेवायचं नसतं, आणि त्याला ती शिक्षा वाटता कामा नये. माझ्या कोपऱ्यात एक गादी, धुता येणारं एकच खेळणं, पाण्याचा वेगळा पेला आणि झाकणाची बादली असते. शक्य तर एकाच ताईने त्याच्याजवळ बसावं.

कपडे सैल करा, पाणी पाजत राहा. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने, बर्फ नको, कोलनवॉटर नको. पॅरासिटामॉल पालकांच्या लेखी परवानगीशिवाय आणि डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेल्या मापाशिवाय देऊ नका. फोनवर 'चमचाभर द्या' म्हटलं तरी नाही. कारण सांगते. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, आणि जोरकस सिरपमध्ये पाचात २५०. सिरपचं माप मनात धरून थेंबांची बाटली पाच मिलिलिटर पाजली तर चौपट डोस जातो आणि यकृताला इजा होते. औषध बाटलीवर मुलाचं नाव, किती मिलिलिटर, सकाळी किती वाजता दिलं, हे लिहिलेलं असेल तरच हातात घ्या. पावसाळ्यात मेफेनामिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको. ताप डेंग्यूचा निघाला तर ती रक्तस्राव वाढवू शकतात.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात चढत्या तापात आकडी येऊ शकते. पहिल्यांदा बघणाऱ्याचे हातपाय गळतात, म्हणून ताईंकडून वर्षातून दोनदा याची तालीम करून घ्या. मूल जमिनीवर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, जवळच्या कडक वस्तू बाजूला. घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं यात फक्त वेळ जातो. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली किंवा मूल नंतर भानावर येईना, तर १०८ ला फोन. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दवाखान्यात.

पुढचं काहीही दिसलं तर पालकांची वाट न बघता निघायचं, कोण निघणार आणि मागे मुलांजवळ कोण थांबणार हे आधीच ठरलेलं हवं:

- श्वास जलद. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त.
- श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, पोट उडतं, किंवा ओठ निळसर दिसतात. गावाकडे याला 'डबा' म्हणतात. डाग देण्यात किंवा बिब्बा लावण्यात वेळ घालवू नका.
- सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते.
- मूल उठवूनही नीट उठत नाही, मान वाकवता येत नाही, किंवा अंगावर असे जांभळट डाग जे काचेचा पेला दाबला तरी फिके होत नाहीत.
- शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, किंवा काहीच पोटात टिकत नाही.
- तीन महिन्यांखालच्या बाळाला कसलाही ताप.

सफाई: फिनाइलच्या वासावर विसंबू नका

फरशीला वास आला की स्वच्छ झालं असं वाटतं. पण जुलाबाचे आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचे विषाणू चिवट आहेत, नेहमीच्या फिनाइलवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. क्लोरीन लागतं. दुकानात सोडियम हायपोक्लोराइट चार ते पाच टक्क्यांचं मिळतं. पाच टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, चार टक्क्यांचं असेल तर २५. रोज सकाळी नवं करायचं, कालचं टाकून द्यायचं. आधी साबणाने घाण धुवायची, कारण घाणीवर क्लोरीन काम करत नाही, मग हे पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. मुलं तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर हे कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात, मुलांच्या हातापलीकडे.

सगळं घर रोज क्लोरीनने धुवायची गरज नाही. डायपर बदलायची जागा प्रत्येक वेळी. नळाची तोटी, दाराची कडी, पॉटी दिवसातून दोनदा, साथीत जास्त. तोंडात घातलेलं खेळणं लगेच उचलून 'धुवायची टोपली'त टाकायचं, संध्याकाळी ती टोपली साबणाने धुऊन उन्हात. साथ सुरू असताना मऊ कापडी खेळणी बांधून माळ्यावर ठेवा.

आणि जिने डायपर बदलला तिने खिचडी वाढायची नाही. माणसं कमी असतात हे मला माहीत आहे. निदान एका वेळच्या जेवणापुरती तरी ही वाटणी पाळा. बाकी सगळी सफाई करून ही एक गोष्ट राहिली तर जुलाब थांबत नाहीत, हे मी एका पावसाळ्यात माझ्याच पाळणाघरात पाहिलं. अकरा मुलं आळीपाळीने आजारी पडली, आणि वाटणी केल्यावर साथ ओसरली.

पालकांना काय सांगायचं

त्याच दिवशी, सगळ्यांना एकच निरोप, मुलाचं नाव न घेता. माझा साचा असा: 'नमस्कार. आज आपल्या पाळणाघरातल्या एका मुलाला हात-पाय-तोंडाचा आजार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. पुढच्या आठवडाभरात ताप, तोंडात फोड, तळहातावर फुटकुळ्या दिसल्या तर मूल घरी ठेवा आणि आम्हाला कळवा. खेळणी आणि अंथरुणं आज धुतली आहेत. घरीही शीनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. काही विचारायचं असेल तर दुपारी दोन ते तीन फोन करा.'

'कुणाचं मूल?' हा प्रश्न येतोच. उत्तर एकच: 'ते सांगता येणार नाही, तुमच्याही मुलाचं सांगणार नाही.' या वाक्यानंतर बहुतेक जण शांत होतात. व्हॉट्सॲपच्या गटात कुणी नाव टाकलं तर ते काढायला लावा आणि ज्या घराचं नाव आलं त्यांना स्वतः फोन करा.

परत कधी घ्यायचं

ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप नसल्यावर. 'औषधाशिवाय' हे दोनदा सांगायचं. जुलाब-उलट्या थांबल्यावर चोवीस तास ही किमान मर्यादा. डायपरमधली मुलं जास्त असल्याने माझ्याकडे मी अठ्ठेचाळीस ठेवलेत. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप गेलेला, फोड सुकलेले, मूल नीट जेवत असलेलं. साधारण पाच ते सात दिवस लागतात. कांजिण्यांत शेवटची खपली धरल्यावर, काविळीत पिवळेपणा दिसल्यापासून एक आठवडा. डांग्या खोकल्यात अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर. खरजेत पहिलं मलम रात्रभर लावून झाल्यावर दुसऱ्या दिवशी चालतं.

प्रत्येक सर्दीला डॉक्टरांचा दाखला मागू नका. त्यासाठी अर्धा दिवस आणि तपासणीचे पैसे जातात आणि त्यातून आपल्याला काही नवं कळत नाही. गोवर, कावीळ, डांग्या खोकला यांना मात्र मागा.

यादीखेरीज मी स्वतःला आणखी एक गोष्ट विचारते: या मुलाला आज जेवढं जवळ घ्यावं लागेल तेवढं घेऊन बाकीच्या नऊ मुलांकडे लक्ष देता येईल का? नियमात बसत असूनही उत्तर 'नाही' असेल तर तसं सांगते. मूल नुसतं रडत पडून राहणार असेल तर ते घरीच बरं.

आपण स्वतः

पाळणाघरात आजार मुलंच आणतात असं नाही. लहान मुलांचा क्षयरोग सहसा इतरांना लागत नाही, मोठ्या माणसाचा मुलांना लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या कुणीही, मग ती ताई असो, स्वयंपाकाच्या मावशी असोत की मी, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यायची. ती मोफत असते. कामावर घेताना कांजिण्या आणि गोवर होऊन गेलेत का, लसी झाल्यात का हे विचारा. जुलाब लागलेली व्यक्ती जुलाब थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात नको.

त्या दोन दिवसांचा पगार कापू नका. आमच्याकडच्या मावशी एकदा पोट बिघडलेलं असताना वरणभाताचा कुकर लावत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, 'सांगितलं असतं तर खाडा पडला असता.' तेव्हापासून वर्षाला आठ आजारपणाच्या भरपगारी रजा मी प्रत्येकीला लिहून दिल्यात, आणि बदलीला येणाऱ्या एका बाईंचा नंबर फ्रिजवर लावलाय. आता कुणाचं पोट बिघडलं की सकाळी सहाला मला फोन येतो.